चाळीस मिनिटांचं तांबं

गड्डम काका आले ते खिशात तारेचं भेंडोळं घेऊन.
बाहेर त्यांची शहाऐंशी सालची फियाट,
छत दोन इंच उतरवलेलं, मागची दारं बुजवलेली,
अंगावर नुसतं करडं प्रायमर.
"रंग हा," म्हणाले, आणि तार माझ्या तळहातावर ठेवली.

मी म्हटलं, तांबं होय, सोपं आहे.
सहा पत्रे फवारून वाळत घातले.
पहिल्याला म्हणाले, हा तर लग्नातला हंडा.
दुसऱ्याला, हे चिंचेनं घासलंय कुणीतरी.
तिसरा त्यांनी सावलीत नेला, उन्हात आणला,
"मौला, हे जळालेल्या मोटारीतून निघतं ते.
भंगारात किलोवर जातं. हे नको."

अडतीस वर्षं मोटारी भरल्या त्यांनी
अशोक चौकातल्या एका बोळात,
वेढे मोजत, तोंडातल्या तोंडात, तेलुगूत.
त्यांना हवं होतं रिळावरून नुकतं सुटलेलं,
करंट अजून माहीत नसलेलं तांबं.

चौथ्यात लाल जास्त. पाचवा चांगला होता,
पण दुपारी तीनला पिवळा पडला,
आणि सोलापुरात दुपारचे तीन
संध्याकाळपर्यंत संपत नाहीत.
सहाव्यात मी काळ्याचा एक थेंब टाकला होता, एकच,
काडीच्या टोकावरून, श्वास धरून.
काकांनी तार त्या पत्र्यावर आडवी ठेवली
आणि तार दिसेना.

आता अडचण शेजारची.
भिंतीपलीकडे बारा माग. टॉवेल.
खडखड, आणि हवेत सुताचा तूस.
सुट्टीच्या दिवशी माग बंद, पण लाईटही बंद.
साधा रंग चालून जातो. मेटॅलिक नाही.
त्यातला कण न् कण एकाच कुशीवर निजावा लागतो,
एक उठून बसला तर अख्खं दार डागाळतं.
तीन वर्षं मी विनवतोय, अर्धा तास थांबवा की ओ.
शेजारी म्हणतो, अर्ध्या तासाचे टॉवेल तू विणून देतो का बे?

काका भिंतीला वळसा घालून गेले.
काय बोलले, ठाऊक नाही.
एक माग थांबला. मग दोन. मग सगळे.
असली शांतता,
की माझाच कॉम्प्रेसर मला परका वाटला.
परत येऊन म्हणाले, "चाळीस मिनिटं.
बाराच्या बारा मोटारी माझ्या हातच्या आहेत."

मी जमीन भिजवली. चिकट फडकं फिरवलं.
गन पत्र्यापासून एक वीत,
मनगट मोडायचं नाही, खांद्यातून चालायचं,
निम्मा पट्टा मागच्यावर, निम्मा कोऱ्यावर,
कडेबाहेर गेल्यावरच बोट सोडायचं.
पहिला हात धुक्यासारखा.
दुसरा ओला.
तिसऱ्याला दाब उतरवला, मागं सरलो,
आणि भाकरीवर शेंगाचटणी भुरभुरावी
तेवढंच शिंपडलं.
इरण्णा बल्ब धरून उभा, थिनरनं डोळे पाणावलेले.
काका दारात, हात मागं बांधून.
बोटं मात्र हलत होती. वेढे.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला पलीकडे कुणीतरी खटका दाबला.
बॉनेटवर एक तंतू उतरला,
पांढरा, पापणीएवढा.
"राहू दे," काका म्हणाले. "गाडी सोलापूरचीच आहे."
मी हो म्हटलं.

सुट्टीच्या रात्री भाड्याचा जनरेटर आणला,
बॉनेट घासलं, पुन्हा मारलं, गाडीभर क्लिअर दिला.
बिलात लावलं नाही.
गाडी न्यायला आले तेव्हा चष्मा चढवून
बराच वेळ वाकून शोधत होते.
काही बोलले नाहीत. पैसे दोनदा मोजले.
अक्कलकोट रोडला वळेपर्यंत मी बघत राहिलो,
दुपार होती, रंग पिवळा पडला नाही.

तार माझ्याकडेच राहिली, थिनरच्या डब्याशेजारी.
कापलेली टोकं काळी पडत चाललीत.
मधली अजून तशीच आहे.